उन्हाळी यादी

एप्रिलच्या शेवटच्या तासाला गायधनी मॅडमनी
फळ्यावर पाच कादंबऱ्या लिहिल्या,
दोन रशियन, दोन फ्रेंच, एक जर्मन,
आणि खाली दोन रेघा ओढून: परीक्षण नको.
भाव लिहून आणा.
पावाचा, मेणबत्तीचा, डॉक्टरच्या फेरीचा,
माडीवरच्या खोलीचं भाडं,
मैलामागे घोडागाडी किती घेते.
"इतिहासात एम.ए. करताय ना,
मग नायिकेच्या डोळ्यांत नंतर बघा."

वाचनालयातल्या प्रतीची शिवण सुटलेली.
मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का एकाहत्तरचा.
दोनशे बाराव्या पानाच्या समासात शिसपेन्सिलीनं
कुणीतरी लिहिलेलं: इथवर. उद्या हळद.
पुढच्या एकाही पानावर बोटाचा डाग नाही.

नाशिकरोडला, प्रेसच्या क्वार्टरमध्ये,
बेचाळीस अंशांत मी बर्फ वाचत होते.
एकेका माणसाला तीन-तीन नावं,
चारचौघांतलं एक, लाडाचं एक, भांडणातलं तिसरंच.
पुठ्ठ्यावर वंशावळ काढून कूलरला टेकवली
तर दुपारपर्यंत एक अख्खं घराणं
शाईसकट वाहून फरशीवर आलं.

लढाईच्या प्रकरणाला खिडकीची तावदानं थरथरली.
अप्पा म्हणाले, देवळालीच्या तोफा. सराव असेल.
पुस्तकात धूर, चिखल, ताशा बडवणारं एक पोर.
इकडे मांडणीवरचे पेले किणकिणले
आणि आईनं गच्चीवरून
कुरडयांचं प्लास्टिक चारी टोकांनी उचलून आणलं.

अप्पांनी तेहेतीस वर्षं नोटांचे ताव मोजले.
रोज फाटकावर खिसे दाखवून घरी आले.
त्यांना वाचलेलं सांगायची मला लाजच वाटायची,
कारण पुस्तकातली माणसं पैशांवाचून
दुसरं बोलतच नव्हती.
हुंडा, वारसा, पत्त्यांवर उडवलेलं जंगल,
आत्याच्या मरणाकडे डोळे लावून बसलेला पुतण्या.
मी वही भरत होते.
अप्पांनी एकदा चष्मा वर करून विचारलं,
"या रूबलचे आपले किती?"
मला सांगता येईना.
"मग तू लिहितेस काय?"

एका रात्री वीज गेली. झोप कुणालाच नव्हती.
मोबाईलच्या उजेडात मी मोठ्यानं वाचायला लागले,
इंग्रजीतून तिथल्या तिथे मराठी करत, अडखळत.
चहाच्या त्या उंच भांड्याला मी बंब म्हटलं.
"तांब्याचा का?" अप्पांनी विचारलं,
आणि त्यांना ते घर पटलं.

तर हिमवादळ. एक जमीनदार
दूरच्या कोठीवर निघालाय, मनातलं सांगायला.
गाडीवान रस्ता चुकतो, खाली उतरतो,
हातानं बर्फ चाचपत घोड्यांना पुढे ओढतो.
कोठी येते. दार उघडतं, लागतं.
मग चाळीस पानं आत, शेकोटीजवळ,
ती नाही म्हणते, नंतर रडते, नंतर हो म्हणते.
वाचता वाचता माझा गळा भरून आला.

अंधारातून अप्पा म्हणाले,
"आणि तो?"
"कोण?"
"गाडीवाला. बाहेरच आहे ना अजून.
त्याला पैसे दिले का?"

मी पानं मागे उलटली. मग पुढे.
बॅटरी संपेस्तोवर शोधलं.
सकाळी उजेडात पुन्हा एकदा.

जूनमध्ये वही दिली. सगळ्यात शेवटची ओळ:
गाडीवान, एक रात्र, भाव आढळला नाही.
मॅडमनी लाल शाईत फक्त एवढंच लिहिलं,
पान क्रमांक?

पुस्तक परत करताना त्या हळदीखाली
लिहावंसं वाटलं, थांबलात ते बरं केलंत,
पुढे ती मरते.
नाही लिहिलं. एकाहत्तर सालची हळद,
आता काय सांगायचं.

अप्पा मात्र परवा दाराची कडी लावता लावता
मध्येच थांबले,
हात तसाच कडीवर,
"तिकडे रात्रीची थंडी किती असेल गं?"